विहिरीपासून सुरू करा : सीमाभागातल्या पोरांना नागरी हक्क कसे शिकवायचे

आमच्या शाळेत रोज सकाळी संविधानाची प्रस्तावना म्हणतात. २०२३ पासून कर्नाटकातल्या सगळ्याच शाळांत सुरू झालंय ते, आणि आता पोरांना ती इतकी पाठ झालीय की "दर्जाची व संधीची समानता" पर्यंत एका दमात येतात, तिथं श्वास घेतात आणि पुढं सुटतात. एकदा सातवीच्या वर्गात सहज विचारलं, बंधुता म्हणजे काय रे? मागच्या बाकावरनं उत्तर आलं, "रक्षाबंधन, बाई." आणि व्यक्तीची प्रतिष्ठा? सगळे गप्प. मग एक पोरगी म्हणाली, "मोठ्या माणसांना असतीय ती."

मी निपाणीजवळच्या एका खेड्यात मराठी माध्यमाच्या शाळेत समाजविज्ञान शिकवते, आणि त्या दिवशी लक्षात आलं की हक्क हा विषय आपण पोरांना पाहुण्यासारखा भेटवतो. महाडचं तळं, नाहीतर लांब अमेरिकेतली बस आणि मार्टिन ल्यूथर किंग, परीक्षेला पाच मार्क, झालं. आपल्या गावात, आपल्या रस्त्यावर यातलं काही झालं असेल हे त्यांच्या डोक्यातच येत नाही, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच शिक्षकांच्याही येत नाही. म्हणून हा लेख, आपल्याकडच्या शिक्षकांसाठी आणि घरी पोरांशी बोलणाऱ्या आईबापांसाठी.

आधी दोन शब्द सोपे करून घेऊ. नागरी हक्क म्हणजे तुम्ही या देशाचे नागरिक आहात एवढ्यावरच तुम्हाला मिळतात ते, रस्त्यानं चालायचा, पाणी भरायचा, शाळेत बसायचा, मत द्यायचा, आपली भाषा जपायचा. कुणी खूश होऊन दिलेले नाहीत, म्हणून कुणी नाराज होऊन काढूनही घेऊ शकत नाही. दुसरा शब्द समावेशन, हा जरा जड आहे, ट्रेनिंगला गेलं की पीपीटीवर दर चौथ्या स्लाइडला येतो आणि चहा झाला की विसरतो. पोरांना मी तो बसवरनं सांगते. शक्ती योजनेत बायकांना बस फुकट झाली, जून २०२३ पासून, आज्जीला तिकीट नाही, चांगलंच झालं. पण बसवरची पाटी फक्त कन्नडमध्ये, आज्जीला कन्नड वाचता येत नाही, कुठली बस आपली ते कळत नाही, आणि कळली तरी पायरी गुडघ्याच्या वर. बसमध्ये चढायला आज्जीला कुणाची बंदी नाही, तरी आज्जी स्टँडवरच. ती बसमध्ये बसून सुखरूप उतरेपर्यंत जे जे करावं लागतं, ते समावेशन. हे सांगितलं की पोरं स्वतःच उदाहरणं काढायला लागतात, थांबवावं लागतं.

आता विहीर. १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोल्यांचा ठराव पास झाला, सरकारी पैशातनं बांधलेल्या विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुले करा म्हणून. आपला बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यातच होता, म्हणजे तो ठराव आपल्या विहिरींनाही लागू होता, हे पोरांना सांगितलं की ती चमकतात. मग पुढची तारीख. डिसेंबर १९२४, बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन, महात्मा गांधी अध्यक्ष झाले ते हे एकच अधिवेशन. याची शंभरी नुकतीच झाली, टिळकवाडीतली काँग्रेस विहीर बघायला सहली गेल्या, फोटो निघाले. गांधींच्या त्या भाषणात अस्पृश्यता ही स्वराज्याच्या वाटेतली आडकाठी आहे हा मुद्दा होता, तो मात्र सहलीत कुणी सांगितला असेल असं वाटत नाही.

आणि मग एप्रिल १९२५. चार महिन्यांनी, त्याच जिल्ह्यात, आपल्या निपाणीत मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली आणि अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. महाडच्या आधी दोन वर्षं! वय वर्षं ३३, बॅरिस्टर होऊन आलेले, बहिष्कृत हितकारिणी सभा काढून वर्षही झालं नव्हतं. त्याच्याही आधी १९२० च्या मार्चमध्ये माणगावची परिषद झालेली, तेव्हाच्या कागल जहागिरीतलं गाव, आता हातकणंगले तालुक्यात, तिथं शाहू महाराजांनी हा तरुण तुमचा पुढारी होईल म्हणून लोकांना सांगितलं. कागल म्हणजे आमच्या पोरांच्या दृष्टीनं बाजाराला जायचं गाव. याच शाहूंनी १९०२ साली संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासलेल्यांना ५० टक्के जागा ठेवल्या होत्या. म्हणजे शंभरभर किलोमीटरच्या आत पोरांना हा सगळा इतिहास चालत नाहीतर एसटीनं जाऊन बघता येईल असा आहे, आणि आपण फळ्यावर लिहितो अमेरिकेतली बस.

फळ्यावर मी एक रेष मारते. एका टोकाला १९२३ चा ठराव, दुसऱ्या टोकाला संविधानाचं कलम १५, त्याचा दुसरा भाग. त्यात काय लिहिलंय तर दुकानं, हॉटेलं, विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते इथं धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यावरनं कुणाला अडवायचं नाही. देशाच्या सगळ्यात मोठ्या कायद्यात विहीर हा शब्द का आला असेल, विचारा. मग ठराव १९२३ चा असून १९२७ ला महाडला सत्याग्रह का करावा लागला, तेही विचारा. पोरं स्वतःच सांगतात, "कागदावर हुतं बाई, विहिरीवर नव्हतं." यापेक्षा सोपं मला सांगता येत नाही.

इथं मला माझी एक मोठी चूक सांगायची आहे, कारण ती बरेच जण करतात. पहिल्या वर्षी हा पाठ घेताना मी उत्साहात वर्गात एका मुलाकडं बघून म्हणाले, तुझ्या आज्जीला विचारून ये, त्यांना पाणी कसं मिळायचं, आणि उद्या सगळ्यांना सांग. चांगल्या मनानं म्हणाले. चाळीस माना त्याच्याकडं वळल्या. दुसऱ्या दिवशी तो आला नाही, तिसऱ्या दिवशी आला तो मागं जाऊन बसला, आणि पुढं महिनाभर डबा खायला घरी जायला लागला. सगळ्यांना सामावून घेण्याचा पाठ घेताना मी एका पोराला वर्गाबाहेर काढलं होतं. कुणी मला काही बोललं नाही, त्याच्या आईनंही नाही, त्याचंच जास्त लागलं.

आता गृहपाठ सगळ्यांना एकच असतो. आपल्या घराच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, तुमच्या वेळी पाणी कुठनं यायचं, त्या विहिरीवर कोण येत नव्हतं, आणि का. बघा, प्रश्न उलटा केला की ओझं कुणावर जातं ते. ज्यांना अडवलं त्यांनी आपली जखम उघडी करायची गरज राहत नाही, ज्यांच्या घरानं अडवलं त्या घरातलं पोर आज्जीसमोर बसून विचारतं. काही घरांतनं फोन आले, बाई हे काय नवीन काढलंय. मी म्हटलं इतिहास आहे, पुस्तकात आहे. एका आजोबांनी मात्र नातवाकडनं अख्खं पान भरून दिलं, कुठली विहीर, कुठल्या बाजूची पायरी कुणाची, पावसाळ्यात काय व्हायचं, दुष्काळात काय व्हायचं. शेवटी लिहिलेलं, "आम्ही बघत उभारायचो." ते पान मी जपून ठेवलंय.

आता आपल्याकडचा सगळ्यात गरम विषय, भाषा. सीमाभागातल्या मराठी पोराला हक्क म्हटलं की पहिली हीच गोष्ट आठवते आणि त्यात चूक काही नाही. १७ जानेवारी १९५६ ला संयुक्त महाराष्ट्रासाठी गेलेले हुतात्मे, १ जून १९८६ च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनातले हुतात्मे, हिंडलग्याचं स्मारक, हे घरातच ऐकलेलं असतं. १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापना दिवशी, तर एकाच घरात सकाळी पोरगी शाळेत राज्योत्सवाच्या डान्सला आणि काका काळ्या दिनाच्या सायकल फेरीला, असं मी डोळ्यांनी बघितलंय, दोघांचा चहा एकत्रच झालेला. पण वर्गात हा विषय निघाला की पाच मिनिटांत बेळगाव कुणाचं यावर गाडी जाते आणि तिथंच रुतते. म्हणून मी दोन गोष्टी वेगळ्या करून सांगते. जमीन कुठल्या राज्यात, हा एक प्रश्न, तो २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तुमच्या माझ्या वर्गात सुटणार नाही. दुसरा प्रश्न असा की सीमा कुठंही असली तरी तिच्या आतल्या अल्पसंख्याक भाषेच्या माणसाला काय मिळालं पाहिजे. याला कोर्टाच्या निकालाची वाट बघायची गरज नाही, कारण ते आधीच लिहिलेलं आहे.

काय लिहिलंय? कलम २९, ज्याची वेगळी भाषा लिपी संस्कृती आहे त्याला ती जपायचा हक्क. कलम ३०, भाषेच्या किंवा धर्माच्या अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढायचा, चालवायचा हक्क. कलम ३५०-क, प्राथमिक शिक्षण मातृभाषेतनं मिळावं म्हणून राज्यानं सोयी करायचा प्रयत्न करावा. आणि ३५०-ख, यावर लक्ष ठेवायला एक खास अधिकारी. ही शेवटची दोन १९५६ ला भाषावार राज्यं झाली तेव्हाच घातली, म्हणजे रेघा मारणाऱ्यांना माहीत होतं की रेघ कुठंही मारा, काही माणसं पलीकडं राहणारच. शिवाय १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरलेला आकडा, वर्गात १० किंवा शाळेत ४० मुलं त्या भाषेची असली तर त्या भाषेतनं शिकवायची सोय करावी. आणि महत्त्वाच्या सरकारी नोटिसा अल्पसंख्याकांच्या भाषेत द्यायला त्या भागातल्या लोकसंख्येच्या १५ टक्क्यांचा निकष. मात्र हे सगळं मोडलं तर कुणाला दंड नाही, त्यामुळं मागं लागून लागून घ्यावं लागतं. पत्रं, निवेदनं, पुन्हा पत्रं. मोर्च्यापेक्षा हे कंटाळवाणं आहे पण हेही आंदोलनच आहे, पोरांना एखादं निवेदन कसं लिहितात ते प्रत्यक्ष लिहायला लावा.

आणि मग आरसा दाखवायचा. इकडं आपण मराठी कमी, तसं तिकडं जतला, अक्कलकोटला, दक्षिण सोलापुरात कन्नड बोलणारी माणसं कमी, आणि तिथं महाराष्ट्रात कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. तिथल्या कन्नड पोरालाही तेच ३५०-क. मी विचारते, जतच्या कन्नड शाळेत मास्तरच नाही दिला तर? वर्गात आधी थोडी शांतता, मग कुणीतरी म्हणतं, "चूक हाय की." एवढंच हवं असतं. आपल्याला मागताना एक माप आणि दुसऱ्याला देताना दुसरं माप, असं केलं की पोरांच्या डोक्यात हक्क म्हणजे आपल्या पार्टीचं काहीतरी असं बसतं. खरंतर मला याच्याही पुढं जायचं असतं. जी पट्टी घेऊन आपण सरकारच्या दारात उभे राहतो, तीच पट्टी आपल्या गल्लीला, आपल्या वखारीला, आपल्या जत्रेला लावून बघायची. सीमाभागात हे अवघड जातं, कारण आपण सतत अन्याय झालेल्यांच्या रांगेत उभे, आणि आपल्या मागं कोण उभं आहे ते वळून बघायला वेळ नाही.

वखारीचं सांगते. निपाणी म्हटलं की तंबाखू, आणि निपाणीचं आंदोलन म्हटलं की १९८१ चं शेतकऱ्यांचं, शरद जोशी, हायवेवर बसलेले हजारो शेतकरी, एप्रिलमधला गोळीबार, मेलेली माणसं. हे शिकवायलाच हवं. पण त्याच काळात, त्याच तंबाखूसाठी, वखारीत तंबाखू झोडपणाऱ्या आणि चाळणाऱ्या बायकाही संघटना करत होत्या, मजुरीसाठी आणि धड वागणुकीसाठी. १९८२ साली युगांतर नावाच्या स्त्रीवादी गटानं त्यांच्यावर माहितीपट केला. शेतकरी आंदोलन पोरांना माहीत असतं, बायकांचं जवळपास कुणालाच नाही, तेही ज्यांच्या सख्ख्या आज्ज्या त्यात होत्या त्यांनासुद्धा. का असेल, हा प्रश्नच एक अख्खा तास खातो.

मी एका आज्जींना वर्गात बोलावलं होतं, वखारीत उमर गेलेली बाई. यायला तयार नव्हत्या, म्हणाल्या मला काय भाषण येतंय व्हय. आल्या, खुर्चीवर बसल्याच नाहीत, खाली बसल्या आणि हातानं चाळण हलवून दाखवली, रिकाम्या हातानं, पण लय बरोबर तीच. तंबाखूचा खकाणा नाकातोंडात कसा जायचा, घरी गेल्यावर लेकरू वासानं जवळ यायचं नाही म्हणून आधी अंगावर पाणी कसं घ्यायच्या, सगळं सांगितलं. एका पोरानं विचारलं, आज्जी मग आंदोलन केल्यावर काय झालं? मला वाटलं पगार सांगतील. त्या म्हणाल्या, "आदी दिवाणजी आमास्नी 'ए' म्हणायचा. मग नावानं हाक माराय लागला." आणि तीच पोरगी, मोठ्या माणसांना असतीय म्हणालेली, हळूच म्हणाली, "बाई, ती प्रतिष्ठा." मी काही समजावलं नव्हतं.

जत्रेचं बोलणं याहून नाजूक. सौंदत्तीची यल्लम्मा आपल्याच जिल्ह्यात, माघी पौर्णिमेला आमच्या भागातनं गाड्या भरून जातात, श्रद्धा आहे, तिची टिंगल वर्गात अजिबात होऊ द्यायची नाही. पण पोरींना देवाला सोडायची चाल होती आणि त्या पोरी बहुतेक दलित घरांतल्या असायच्या, हे सांगायला हवं. मुंबई प्रांतानं १९३४ साली कायदा केला, कर्नाटकानं १९८२ साली पुन्हा केला. पुन्हा का करावा लागला? (विहिरीचा तास आठवा.) इथं पोरांना सितव्वा जोडट्टींची गोष्ट सांगा. चिकोडी भागातल्या, लहान असतानाच देवदासी केलेल्या, पुढं त्यांनी आणि त्यांच्यासारख्या बायकांनीच १९९७ मध्ये मास नावाची संस्था उभी केली, घटप्रभेत, आणि या प्रथेतनं शेकडो बायकांना बाहेर काढलं, २०१८ ला पद्मश्री मिळाली. पोरांना कळू द्या की बाहेरनं कुणी उद्धार करायला आलं आणि झालं, असं नव्हतं. आणि एक अगदी साधी गोष्ट, शिक्षकांसाठी. वर्गात "बाबा काय करतात" हे विचारणं मी सोडलंय. "घरी कोण कोण असतं" एवढं पुरतं. देवदासीचं लेकरू असेल, सोडून दिलेल्या बाईचं असेल, बाप वारलेलं असेल, कुणालाच खोटं बोलावं लागत नाही.

जेवणाच्या रांगेकडंही जरा बघा. अक्षर दासोहाच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या सरकारी जेवणाबरोबर अंडी द्यायची, आणि जो खात नाही त्याला केळं. नियम चांगलाच आहे. पण आमच्याकडं सोयीसाठी अंड्याची रांग वेगळी आणि केळ्याची वेगळी केली, आणि आठ दिवसांत पोरांनी रांगांना नावं पाडली, ती मी इथं लिहिणार नाही, तुम्हाला कळली असतील. एका पोरीला अंडं आवडायचं पण ती मैत्रिणींसाठी केळ्याच्या रांगेत. आम्ही रांग एकच केली, वाढणाऱ्या अक्कांना दोन्ही टोपल्या शेजारी ठेवायला सांगितल्या, ज्याला जे हवं ते घे. पैसा एक खर्च नाही. यावर मी तास घेतलाच नाही.

शेवटचं, पोरांना हे सगळं कुठं वापरायला द्यायचं? कर्नाटकात एक भारी सोय आहे, मक्कळ ग्रामसभे, मुलांची ग्रामसभा. ग्रामपंचायतीनं वर्षातनं एकदा पोरांना बोलवायचं आणि त्यांचे प्रश्न ऐकून उत्तरं द्यायची. बऱ्याच ठिकाणी हार, भाषणं आणि बिस्किटचा पुडा एवढ्यावर उरकतात, तरी संधी आहे. आधी वर्गात प्रश्न तयार करून घ्या, प्रत्येक प्रश्नाला कायद्याचा आधार शोधायला लावा, कोण विचारणार ते पोरांनाच ठरवू द्या. अपंग मुलांच्या सोयीसाठी २०१६ चा कायदा आहे, त्यात २१ प्रकारची अपंगत्वं धरलीत, बीईओ, म्हणजे तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्याच्या ऑफिसकडं त्यासाठी बीआयईआरटी म्हणून खास शिक्षकही असतात, हे पोरांना माहीत असू दे.

मागच्या खेपेला आमच्या सातवीनं दोन मागण्या नेल्या. पंचायतीच्या नोटीस बोर्डावर कन्नडच्या खाली मराठीतही लिहा, आणि शाळेच्या दाराशी रॅम्प करा, कारण एक पोरगा कॅलिपर घालून येतो आणि दोन पायऱ्या चढायला त्याला रोज कुणाचातरी खांदा लागतो. भाषेची मागणी मराठीत मांडायची का कन्नडमध्ये यावर वर्गात दोन दिवस भांडण झालं, शेवटी एका पोरीनं ती कन्नडमध्येच वाचली, म्हणाली, त्यांना समजाय पायजे की. पीडीओ साहेब, म्हणजे पंचायतीचे विकास अधिकारी, हसले आणि लिहून घेतलं. रॅम्प तीन महिन्यांत झाला, पण इतका उभा केलाय की आता त्या पोराला एक नाही दोन खांदे लागतात. पुढच्या सभेसाठी पोरांनी टेप आणून त्याची लांबी उंची मोजून ठेवलीय. बोर्ड अजून कन्नडमध्येच आहे, त्याचा फोटोही काढून ठेवलाय, तारखेसकट.